दोऱ्याएवढे अंतर

कानाक, २ एप्रिल

प्रिय नादुक,

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा तुला आठवत असेल. त्यात आपले ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. असा नकाशा जिथे जिथे टांगलेला असतो, तिथे तिथे पाहणाऱ्याला कधी ना कधी शंका येतेच, कारण भूगोलाचे पुस्तक उघडावे तर आफ्रिका आपल्या चौदापट मोठी असल्याचे त्यात छापलेले असते. मग खोटे कोण, नकाशा की पुस्तक?

खोटे कोणीच नाही. संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट करायला गेले, तर ती कडेला फाटते. फाटू द्यायची नसेल, तर वरच्या आणि खालच्या टोकाला ती ताणावी लागते. नकाशा काढणाऱ्यांनी नेमके तेच केले आहे. विषुववृत्ताजवळ ताण नाही. जसजसे उत्तरेला यावे तसतसा तो वाढत जातो, आणि आपल्या अक्षांशावर प्रत्येक लांबी चौपटीहून अधिक ताणलेली असते. म्हणून त्या नकाशावर कानाक आणि तुझे औसुइत्तुक यांच्यामध्ये केवढा तरी समुद्र पसरलेला दिसतो. पट्टी लावून, खाली दिलेल्या प्रमाणाने हिशेब केला, तर सोळाशे किलोमीटर भरतात. प्रत्यक्षात ते साडेतीनशेच्या थोडेसे वर आहेत. एका धावपट्टीवरून दुसऱ्या धावपट्टीवर जायला लहान विमानाला सव्वा तास पुरतो.

तू म्हणशील, हा माणूस अजून फळ्यासमोरच उभा आहे. पण फोनवर माझा आवाज ऐकताच तू फोन ठेवतेस, म्हणून शाळेच्या संगणकावरून हे पाठवत आहे. तुमच्या दुकानातली मिनी छापून देईन म्हणाली आहे.

तुझ्या पत्रातले 'सव्वा तासाचं अंतर, आणि तुम्ही मला सहा दिवस दिले नाहीत' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. अंतर सव्वा तासाचे आहे, हे खरे. सहा दिवस लागतात, हेही खरे. तुझ्या गावाहून निघाले की आधी रेझोल्यूट, मग इक्वालुइट, मग ओटावा. तिथून अटलांटिक ओलांडून कोपनहेगन. मग तोच अटलांटिक उलट ओलांडून ग्रीनलंड. आणि शेवटी कानाकला येणारे आठवड्याचे एकुलते एक विमान. शेजारच्या खोलीत जाण्यासाठी घराबाहेर पडून सगळ्या गावाला वळसा घालावा, तसा हा प्रकार आहे. याचे कारण असे की विमाने अंतर पाहून सुटत नाहीत, राजधान्या पाहून सुटतात; आणि लग्नानंतर तुझी राजधानी वेगळी झाली.

हे सगळे मी नोव्हेंबरातही सांगितले होते. तू म्हणालीस, "मग सहा दिवस थांबा." आम्ही बाबांना तिसऱ्या दिवशी पुरले. त्याची कारणे तेव्हा दिली होती, आणि ती अजूनही बरोबर आहेत.

'तुझी गणितं नेहमी बरोबरच असतात, अविके,' असे तू लिहिले आहेस. दादा नव्हे, अविके. तेही माझ्या ध्यानात आले.

आता मुद्द्याचे. तुझे दिवस मे महिन्यात भरतात. नियमाप्रमाणे महिनाभर आधी दक्षिणेतल्या इस्पितळात जाऊन राहायचे, ते तुला मान्य नाही. मागच्या खेपेला तू तिथे महिनाभर एकटी होतीस आणि रिकाम्या हाती परत आलीस, हे मला मिनीकडून कळले, तुझ्याकडून नाही. या खेपेला तुला आईजवळ यायचे आहे. विमान मिळाले नाही, तर पौलूसी स्नोमोबाइलमागे स्लेज बांधून बर्फावरून आणील, असे तू लिहितेस.

पत्र मी आईला वाचून दाखवले. हे शेवटचे वाक्य सोडून.

ती बरी आहे. जेवते थोडे. बाबांचा चहाचा मग अजून खिळ्याला टांगलेला आहे. त्याला कोणी हात लावत नाही. आपल्या रीतीप्रमाणे त्यांचे नाव घरात कोणी उच्चारत नाही, आणि तुझ्या पोटातले बाळ ते नाव घेऊन येईपर्यंत उच्चारणारही नाही. नोव्हेंबरपासून या घरात एका शब्दाची जागा रिकामी आहे, आणि आम्ही सगळे तिला वळसा घालून बोलतो.

बर्फाची जाडी मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना घेऊन दहा तारखेला एक विमान रेझोल्यूटहून इकडे येणार आहे. तुमचे गाव जवळजवळ त्याच्या वाटेवर आहे. वैमानिक डंकन माझ्या ओळखीचा आहे. त्याला विचारतो.

तोवर स्लेज भरू नकोस.

तुझा,
अविके


कानाक, ८ एप्रिल

प्रिय नादुक,

डंकन नाही म्हणाला. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो, म्हणजे मी पुरेसे समजावले नाही असे तुला वाटायला नको. "मास्तर, मी पिंपं नेतो, पेट्या नेतो, एकदा तर अकरा कुत्री नेली आणि सगळीच्या सगळी ओकली. पण आठवा महिना भरलेली बाई नेत नाही. तिच्या गावच्या नर्सचा कागद दाखव, मग बघू." मी तुमच्या नर्सला फोन केला. ती सभ्यपणे म्हणाली की ती कागद देईल, पण तो दक्षिणेच्या विमानाचा.

तुझे उत्तर दोन ओळींचे आहे. 'मग ठरलं. पौलूसीनं स्लेजवर पेटी बांधलीय, आत कॅरिबू हरणांची कातडी घातलीयेत.'

नादुक, ही वाट तू एकदा पाहिलेली आहेस. आठ वर्षांपूर्वी बाबांच्या कुत्र्यांच्या स्लेजवर बसून तू तिकडे गेलीस आणि पौलूसीशी लग्न करून तिकडचीच झालीस. त्या वर्षी वाट का होती आणि यंदा का नाही, एवढे मला सांगू दे. तुझ्या आणि माझ्या गावांमध्ये सरळ रेषेत जे पाणी आहे, ते कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, कारण वारा आणि प्रवाह तिथला बर्फ जमेल तसा दक्षिणेला वाहून नेतात. म्हणून स्लेज सरळ येऊ शकत नाही. तिने किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जायचे, सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या भागात पलीकडे उतरायचे आणि आपल्या किनाऱ्याने पुन्हा खाली यायचे. अंतर दुप्पट होते, पण वाट मिळते. ती मिळते कारण वरून वाहत येणारे बर्फाचे तुकडे त्या चिंचोळ्या जागी एकमेकांत अडकतात आणि दगडी पुलाच्या कमानीसारखी कमान धरतात. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, म्हणून कोणीच पडत नाही. मात्र एक निसटला की सगळे निसटतात.

यंदा ती कमान नीट धरलेलीच नाही. उपग्रहाची छायाचित्रे मी रोज पाहतो. छायाचित्रांवर तुझा विश्वास नसेल, तर शेजारच्या गेडिऑनवर ठेव. तो परवा वर शिकारीला गेला होता आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. त्याची सगळी कुत्री ओली होती.

मी त्याला आमच्या स्वयंपाकघरात हळू आवाजात विचारत होतो, "माणसं घेऊन येण्यासारखं आहे का?"

"आहे की," तो म्हणाला. "होडी घेऊन आली तर."

आई चुलीपाशी सीलचे मांस उकळत होती. तिने मागे न वळता विचारले, "कोण येतंय बर्फावरून?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"अविके, तू खरं बोलतोस तेव्हा आकडे सांगतोस. आत्ता एकही सांगितला नाहीस."

गेडिऑनने चहा अर्धवट ठेवला आणि निघून गेला. मग मी तिला तुझ्या पत्रातले ते वाक्य वाचून दाखवले. चुलीवरचे मांस करपले, आणि आमच्या घरात मांस करपल्याचे मला आठवत नाही.

तुझा राग माझ्यावर आहे, तो माझ्यावरच राहू दे. त्यासाठी त्या बर्फावर पाय ठेवायचे कारण नाही. दक्षिणेला जा. मी उन्हाळ्यात येईन. तिकिटांची पद्धतशीर आखणी करतो आहे.

तुझा,
अविके


कानाक, १२ एप्रिल, दुपारी

नादुक,

हे पत्र छापून द्यायला तिथे कोणी नाही, हे ठाऊक असूनही लिहीत आहे. मिनीचा निरोप आला. माझे मागचे पत्र तिने तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवले, तेव्हा तुमच्या घराला कुलूप होते. आज सकाळी तुम्ही दोघे उत्तरेकडे निघालात.

पौलूसीजवळ उपग्रहावरून निरोप पाठवण्याचे छोटे यंत्र असते, तेवढाच आता धागा आहे. त्याचा क्रमांक मिनीने दिला. त्या यंत्रात एका वेळी फार तर दोन-तीन वाक्ये मावतात. गावातल्या एका शिकाऱ्याकडचे तसलेच यंत्र घेऊन मी लिहायला बसलो. कमानीबद्दल लिहिले, ते मावेना. वाऱ्याबद्दल लिहिले, आज रात्रीपासून उत्तरेचा वारा धरणार आहे, आणि उत्तरेचा वारा म्हणजे नेमका तो बर्फ मोकळा करणारा वारा, हे समजावल्याशिवाय नुसते 'वारा येतोय' लिहून काय उपयोग? खोडले. पुन्हा लिहिले. आई समोर बसून पाहत होती.

"किती वेळ लागतो रे दोन ओळींना?"

"तिला पटायला हवं ना, आई."

"पाच महिने पटवतोयस. पटलं?"

ती उठली, खिडकीपाशी गेली. तिथून पट्टीच्या कडेला उभे असलेले डंकनचे लाल विमान दिसते. शास्त्रज्ञांना सोडून ते उद्या रिकामेच रेझोल्यूटला परत जाणार आहे.

"ते कुठं जातं?"

"रेझोल्यूटला."

"वाटेत काय लागतं?"

"वाटेत..." मी म्हणालो, आणि थांबलो.

"मास्तर," आई म्हणाली. एरवी ती मला मास्तर म्हणत नाही. "तिकडून इकडं यायला किती लागतं, ते तू तिला पत्रामागून पत्र लिहून शिकवलंस. विमानानं किती, बर्फावरून किती, सगळ्या जगाला फेरी मारून किती. इकडून तिकडं किती आहे, ते मोजलंस का कधी?"

"तेवढंच आहे, आई."

"मग?"

नादुक, मी गणित शिकवतो. दोन बिंदूंमधले अंतर कोणत्याही बाजूने मोजले तरी सारखेच येते, हे पहिल्या आठवड्यात शिकवतो.

मी धावत पट्टीवर गेलो. डंकन पंखांवर जमलेले हिम खरवडत होता. "म्हातारी पोटुशी नाही ना?" त्याने विचारले. "मग बसव." जाताना तुमच्या पट्टीवर उतरायला तो तयार आहे, वाऱ्याने उतरू दिले तर. पोलिसाने पासपोर्टचे विचारले. मला वाटले, इथेच सगळे अडणार, कारण आई आयुष्यात या देशाबाहेर गेलेली नाही. आईने बिछान्याखालून पासपोर्ट काढला. तीन वर्षांपूर्वी काढलेला. कोणी सांगितला, कशासाठी काढला, कोणाला काही ठाऊक नाही. मी विचारले, तर म्हणाली, "माझी मुलगी परदेशात असते."

मग यंत्रावर काय लिहायचे, तेही तिनेच सांगितले. मी तसेच पाठवले.

'थांब. मी येतेय. आई.'

तासाभराने तुझे उत्तर आले. 'तुम्ही थांबला नव्हता.'

मी ते वाचून दाखवायचे टाळणार होतो. पण आईला आता माझे चेहरे वाचता येतात, तिने यंत्र माझ्या डोळ्यांसमोर धरले आणि म्हणाली, "वाच." वाचले. ती म्हणाली, "लिही. म्हणूनच येतेय."

ते पाठवले. त्यानंतर उत्तर नाही.

नोव्हेंबरात तू फोनवर थांबा म्हणालीस, तेव्हा आई माझ्या शेजारीच उभी होती. मी सहा दिवसांचा हिशेब तुला समजावत होतो आणि ती माझ्या बाहीला धरून ओढत होती. ती काय म्हणत होती, हे तू कधी विचारले नाहीस. मीही सांगितले नाही.

अविके


१३ एप्रिल, विमानात

नादुक,

हे पेन्सिलीने लिहीत आहे, कारण शाई गोठते. पत्र पोचवायला टपाल नको. ते माझ्याच हातात आहे. तुझ्या हातात देता येईल का, ते मात्र पुढच्या तासाभरात ठरेल.

वारा अंदाजाप्रमाणे धरला आहे आणि इथे वर तो पश्चिमेकडून आमच्या नाकावर येतो आहे, त्यामुळे सव्वा तासाचे पावणेदोन तास होणार. तुला कदाचित वाटेल की येताना वाऱ्याने जे घेतले ते परत जाताना तो देऊन टाकतो आणि हिशेब बरोबर होतो. तसे होत नाही. विरुद्ध वाऱ्यात विमान हळू जाते, म्हणून त्या वाऱ्यात ते जास्त वेळ राहते. सोबतीच्या वाऱ्यात लवकर पोचते, म्हणून त्याचा फायदा थोडाच वेळ मिळतो. एकूण नेहमी तोटाच. हे मी आईलाही समजावले. ती म्हणाली, "म्हणजे एकाच बाजूनं जावं."

ती माझ्यापुढच्या बाकावर आहे. पायाशी वाळवलेल्या मांसाची पिशवी, मांडीवर रुमालात गुंडाळलेला बाबांचा मग. खिळ्यावरून तो तिने स्वतः काढला.

आम्ही दुपारी बाराला निघालो. तुमचे घड्याळ तीन तास मागे असल्यामुळे, तुमच्याकडे पोचू तेव्हा अकराही वाजलेले नसतील. निघण्याआधीच पोचणारे हे विमान आहे, असे मी आईला गमतीने सांगितले. तिने थोडा विचार केला.

"अजून मागं नेता येतं का?"

"किती?"

"नोव्हेंबरपर्यंत."

मी खिडकीबाहेर पाहिले. खाली तेच मोकळे पाणी होते. काळे, वाफाळणारे, आणि त्यावर पांढरे तुकडे दक्षिणेला सरकत होते. उत्तरेकडे, जिथे कमान असायला हवी, तिथे पांढऱ्यात एक काळी चीर दिसत होती. ती किती रुंद होती, ते मी लिहीत नाही. आईनेही पाहिली. तिने मांडीवरचा मग दोन्ही हातांनी धरला.

तुझ्या यंत्राकडून अजून काही नाही. तुम्ही पुढे गेला असाल, तर एव्हाना किनारा सोडून सामुद्रधुनीत उतरला असाल. हा हिशेब मी चार वेळा केला आहे. दर वेळी तो वेगळा यावा अशी इच्छा होते, आणि दर वेळी तोच येतो.

डंकनने हाक मारली म्हणून पुढे जाऊन आलो. तुमच्या पट्टीवर वारा डोंगरावरून आडवा उतरतो आहे. पट्टी आखूड, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. "एकदाच खाली जाईन, मास्तर," तो म्हणाला. "चाकं टेकली तर टेकली. नाही तर सरळ रेझोल्यूट. दुसऱ्यांदा करायला सांगू नका. म्हातारीनं सांगितलं तरी." मी आईला सांगितले. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, पहिल्यांदाच नीट कर."

किनारा दिसतो आहे. तुमच्याकडचा. डोंगर आपल्याकडच्यापेक्षा उंच आहेत. हे मला नकाशावरून ठाऊक होते. पण पाहिले आज.

डंकनने कानावर लावायचे दुसरे यंत्र मला दिले आहे. पट्टीवरचा तुमचा हवामान सांगणारा माणूस बोलतो आहे. वारा सांगतो. झुळका सांगतो. डंकनने मान डोलावली. पण का, ते कळले नाही. आता तो माणूस म्हणतो आहे, "आणखी एक. पट्टीच्या टोकाला एक स्लेज उभी आहे. तिच्यावर पेटीत एक बाई बसलीये. मी दोनदा सांगितलं, बाई, आत ये, गारठशील. ती म्हणते, मला थांबायला सांगितलंय."

लिहिता येत नाही. विमान फार हलते आहे


कानाक, २० सप्टेंबर

प्रिय बाबा,

पत्राच्या सुरुवातीलाच तुम्ही गोंधळून जाल, कारण तुम्ही चार महिन्यांच्या आहात, मुलगी आहात, आणि मी तुमचा बावन्न वर्षांचा मामा आहे. पण तुमचे नाव इमिना आहे, आणि ते माझ्या वडिलांचे नाव आहे. आपल्याकडे नाव आले की नातेही त्याच्यामागोमाग येते. ते अंगावर फ्रॉक आहे की दाढी, हे पाहत बसत नाही. म्हणून मी तुम्हाला बाबा म्हणणार आणि अहोजाहो करणार. तुमची आई तुम्हाला रागावताना अडखळते, असे तिने परवा फोनवर सांगितले. ती आता फोन ठेवत नाही. मलाच कधीकधी ठेवावा लागतो.

तुम्हाला वाचता येईल तेव्हा हे सगळे कोणी ना कोणी सांगितलेले असेल, आणि प्रत्येकाने वेगळे सांगितलेले असेल. म्हणून जे झाले ते लिहून ठेवतो.

चाके पहिल्याच वेळी टेकली. आईला, म्हणजे तुमच्या आजीला, मी हाताला धरून उतरवायला गेलो, तर तिने मलाच बाजूला केले. ती बर्फावरून तुमच्या आईकडे चालत गेली. तुमची आई पेटीतून उठू शकत नव्हती, कारण पाय बधिर झाले होते आणि तुम्ही मध्ये होतात. दोघी काही बोलल्या असतील, पण पंखे फिरत होते आणि मला ऐकू आले नाही. मग तुमच्या आईने माझ्याकडे पाहिले. "दादा, तू पण आलास?" ती ओरडून म्हणाली. "शाळा कोण बघतंय?" खिशातले पेन्सिलीचे पत्र मी तेव्हा काढले नाही.

तुमचे वडील पौलूसी यांनी नंतर मला सांगितले की ते पहिल्या मुक्कामाहूनच माघारी वळले होते. यंत्रावर आजीचा दुसरा निरोप आला, तो तुमच्या आईने तंबूत वाचला आणि यंत्र बंद करून ठेवले. "मी म्हटलं, उत्तर तरी दे," ते म्हणाले. "तर म्हणते, त्यांना पण जरा वाट बघू दे."

उत्तरेची ती कमान त्याच संध्याकाळी फुटली. गेडिऑनने उत्तरेच्या किनाऱ्यावरून ती फुटताना पाहिली. याहून अधिक मी त्याबद्दल लिहीत नाही.

तुमच्या आईला आपले गाव हवे होते, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिला आई हवी होती. आणि आईला हलवता येते, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. नर्सने कागद दिला. त्यावर सोबतीला एक नातेवाईक, असे लिहिलेले होते. पुढच्या आठवड्यात दोघी एकमेकींचा हात धरून दक्षिणेला गेल्या, आणि ज्या इस्पितळातून तुमची आई एकदा रिकाम्या हाती परतली होती, तिथेच तुम्ही जन्मलात. आजीने तुम्हाला उचलून घेतले. सहा महिने जो शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता, तो तिने मोठ्याने उच्चारला. "इमिना! आलास का, म्हाताऱ्या? कुठं होतास इतके दिवस?" तुम्ही रडलात. ती म्हणाली, "हो, हो, चहा देते," आणि पिशवीतून मग काढून तुमच्या उशाशी ठेवला. इस्पितळातली माणसे हसली. तुमची आई हसली नाही, रडली. आणि मग तीही हसली.

आजी अजून तुमच्याच घरी आहे. उन्हाळ्याच्या विमानाने परत येणार होती. आता म्हणते, माझा नवरा इथं पालथा पडायला लागलाय, त्याला टाकून कशी येऊ? मी इथे एकट्याने सीलचे मांस उकळतो आणि ते करपवतो. हिवाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे येत आहे. जगाला फेरी मारून यावे लागेल, सहा दिवस लागतील, अधिकही लागतील. आखणी केलेली नाही.

आता एक प्रयोग सांगतो. तुम्हाला शिकवायची ही माझी पहिली आणि बहुधा शेवटचीच संधी, कारण तुम्ही माझे बाबा आहात आणि पुढे तुम्हीच मला शिकवणार. भिंतीवरचा नकाशा नको. पृथ्वीचा गोल घ्या आणि हातभर दोरा. दोऱ्याचे एक टोक कानाकवर बोटाने दाबून धरा. दोरा औसुइत्तुकपर्यंत न्या, सैल राहणार नाही असा ताणा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने तिथे धरा. एवढासा तुकडा मिळेल, तुमच्या आत्ताच्या करंगळीएवढाही नाही. गोलावर आपली गावे नसतील, तर कोणतीही दोन घ्या. जी दोन माणसे बोलत नसतील, त्यांची घेतलीत तर उत्तम.

आता दोरा उचला आणि उलटा धरा. औसुइत्तुकवरचे टोक कानाकवर आणि कानाकवरचे औसुइत्तुकवर. ताणा. कुठे कमी पडतो का, ते पाहा.